सगुणाकाकूंचा शिक्का

सगुणाकाकू संध्याकाळी विरजण लावायच्या तेव्हा भांड्याच्या तोंडावर फडकं बांधायच्या, गाठ मारायच्या आणि त्या गाठीवर वितळलेली लाख ओतून काकांच्या अंगठीचा ठसा उमटवायच्या. सकाळी ठसा उजेडात धरून पाहायच्या, मगच भांडं उघडायच्या. घरात त्या एकट्या. तुमचं दही खायला येतंय कोण, असं मी एकदा विचारलं. त्या म्हणाल्या, "कोन येतंय ते कळावं म्हून तर शिक्का."

तुपाच्या बरणीला शिक्का, ज्वारीच्या कणगीच्या भोकातल्या बोळ्याला शिक्का, पेटीला कुलूप असलं तरी त्या कुलपाला शिक्का. चुलीपाशी एक काळी पळी फक्त लाखेसाठी ठेवलेली असायची आणि घरात कायम लाखेचा वास यायचा. त्यांची दुसरी खोड मोजण्याची. शेजारणीला उसन्या मिरच्या दिल्या तरी त्या तिच्या पदरात टाकून म्हणायच्या, "मोजून घे. माघारी बोललेलं मला चालत न्हाय." शेजारीण हसून निघाली तर तिला परत बोलवायच्या. काकूंचा कुणावर विश्वास नाही, असं सगळं गाव म्हणायचं आणि ते खरंच होतं. आपल्यावरही कुणी विश्वास ठेवू नये अशी त्यांची अपेक्षा असायची, ही गोष्ट मात्र फार थोड्यांच्या लक्षात आली.

मी त्यांचा सख्खा पुतण्या. त्यांचे यजमान आणि माझे वडील, ज्यांना आम्ही अण्णा म्हणायचो, हे दोघे भाऊ. आमचं गाव मोगलाईत, म्हणजे निजामाच्या राज्यात, तेरच्या समोर, नदीच्या पलीकडच्या अंगाला. मी धाराशिवला शिकून गावी आलो होतो. काकूंना घासलेटच्या परमिटाचे अर्ज लिहायला माणूस हवा होता, म्हणून त्यांनी मला जवळ केलं. जवळ म्हणजे दारापाशी. माजघरात त्या मला एकटं सोडत नसत. "तू तुझ्या बापाचा," त्या मला तोंडावर सांगायच्या. "पर तुला लिव्हता येतं आन टॅक्टर हाकता येतो. म्हून बस."

तो ट्रॅक्टर काकांनी आणला होता, इंग्रजी हद्दीतून, बार्शीकडच्या एका मळ्यातून. लोखंडी दातेरी चाकं, पुढे फिरवायचं हँडल, आणि आवाज असा की नदीपलीकडून लोक बघायला यायचे. सरहद्दीवरच्या करोडगिरीच्या, म्हणजे जकातीच्या, नाक्यावर शिपायांना हे यंत्र धरावं, गाडी धरावी की जनावर, हेच ठरवता येईना. काका फेटा बांधून स्वतः हाकायचे आणि त्यांनीच मला शिकवलं. पुढे तापात ते गेले आणि वाटणी आली.

वाटणीत काकूंनी बैल सोडले आणि ट्रॅक्टर मागितला. अण्णांना आनंद झाला. काकूंचं डोकं फिरलं असं लोकांना वाटलं, पण त्यांचा हिशेब सरळ होता. "बैल माझे असले तरी गडी तुमच्या अण्णाचेच. वैरन घालनारा त्यो, तर बैल बी त्याचेच. टॅक्टर कुनाचं आयकत न्हाय." पंचांनी ट्रॅक्टर दिला, पण अट घातली. उन्हाळ्यात दोन्ही भावांची रानं ट्रॅक्टरनं नांगरून द्यायची, अक्षय्यतृतीयेच्या आत. ज्या वर्षी नांगरट होणार नाही त्या वर्षी ट्रॅक्टर मोडून लोखंड निम्मं निम्मं करायचं आणि काकूंचं रान अण्णांनी वाट्यानं करायचं. एकदा वाट्यानं दिलेलं विधवेचं रान तिच्याकडे परत आल्याचं आमच्या भागात कुणी पाहिलं नव्हतं.

पहिलं वर्ष निभावलं. दुसऱ्या वर्षी महायुद्धामुळे घासलेट परमिटावर गेलं, आणि संक्रांतीनंतर ट्रॅक्टरही सुरू होईना. हँडल फिरवून फिरवून माझे खांदे गेले. मग तेरहून दस्तगीर मिस्त्रीला बोलावलं.

दस्तगीर मिस्त्री पूर्वी बार्शीच्या मोटारीवर होता. उंच, किडकिडीत, दाढी पिकलेली, खांद्यावर तेलकट पंचा. बोलणं अगदी बेताचं. त्यानं ट्रॅक्टरभोवती एक फेरी मारली, हँडल फिरवून बघितलं आणि म्हणाला, "ठिणगी न्हाय काकू. मॅग्नेटो गेला. त्यो काढून टाकतो आन मोटारीची बॅटरी, कॉइल बसवतो. फुडं चाकाला रबर बी घालता येईल. टॅक्टर जवान होईल."

"म्हंजे बदलनार."

"हौ. बदलला तर लौकर चालंल."

त्याच आठवड्यात अण्णा चावडीवर सगळ्यांसमक्ष बोलले होते, की पंचांनी वहिनीला दादाचा ट्रॅक्टर दिलाय. त्यात बाहेरचं काही घातलं तर दादाचा ट्रॅक्टर संपला असं धरायचं. आणि तेरच्या बाजारात अण्णा आणि दस्तगीर एका बाकावर चहा पिताना काकूंनी पाहिले होते. दोन्ही गोष्टींची गाठ त्यांच्या मनात तिथंच बसली.

"जसा व्हता तसा कर," त्या म्हणाल्या. "एक खिळा बदलायचा न्हाय."

"बदलायला येळ लागत न्हाय काकू. जसा होता तसा करायला लागतो."

"लागू दे. आन टाकीला हात लावायचा न्हाय. घासलेट म्या भरनार."

झालं. दुसऱ्या दिवसापासून लिंबाखाली गोणपाट अंथरून दस्तगीर एकेक भाग सुटा करायला लागला आणि काकू शेंदराची वाटी घेऊन समोर बसल्या. जो भाग सुटेल त्याला शेंदराचा ठिपका. नटाला ठिपका, बोल्टाला ठिपका. रात्रीतून कुणी चांगला भाग नेऊन जुना ठेवला तर कळावं, एवढाच हेतू. गोणपाटावर ती रांग लागली तेव्हा येणाऱ्या-जाणाऱ्या बायका नमस्कार करून जायला लागल्या. अण्णा बांधावरून पाहून म्हणाले, "वैनीनं टॅक्टरचा म्हसोबा केला." काकूंनी त्यांच्याकडे वळूनही पाहिलं नाही. दस्तगीरनं मात्र पंचा तोंडाला लावला आणि खोकल्यासारखं केलं.

मॅग्नेटोची तार नव्यानं गुंडाळायला त्यानं तो तेरला नेला, तेव्हा काकूंनी मला सोबत पाठवलं. परत आल्यावर आधी मला विचारलं, तिथं काय काय झालं. मग मला नदीवर पाठवून दस्तगीरला तेच विचारलं. दोघांच्या सांगण्यात चहाचा फरक निघाला. मी दोनदा म्हणालो होतो, तो एकदाच. तेवढ्यावरून काकूंनी आम्हा दोघांशी पुढचे काही दिवस तोडून बोलणं ठेवलं.

त्या घरात वावरून मलाही ती खोड लागली. मी अण्णांशेजारी जेवायला बसलो की त्यांच्या हाताचा वास घ्यायला लागलो, घासलेटचा येतो का म्हणून. आई म्हणाली, "असा काय हुंगतोस कुत्र्यावानी?" मी ताट उचलून दुसरीकडे बसलो. बापाकडे चोरासारखं पाहावं लागतं याचं मला वाईट वाटायचं, पण पाहणं काही थांबत नव्हतं.

होळीच्या सुमारास ट्रॅक्टर पुन्हा जुळला. एकही भाग बाहेरचा नव्हता. हँडल फिरवलं आणि पहिल्याच झटक्याला तो सुरू झाला, काकांच्या वेळचाच आवाज. काकूंनी डोळ्याला पदर लावला आणि लगेच काढला. मग त्यांनी स्वतः टाकीत घासलेट ओतलं, टाकीचं झाकण घट्ट लावलं, त्यावर फडकं आवळून बांधलं आणि चुलीवरून पळी आणून सगळ्या झाकणावर लाख ओतली. अंगठीचा ठसा उमटवला. टाकीला शिक्का त्या वर्षी पहिल्यांदाच लागला. मी रानाच्या पलीकडच्या टोकाला गेल्यावर घासलेट काढून विकीन, ही शंका त्यांनी बोलूनही दाखवली.

मी नांगर लावून निघालो. तीन-चार तासं, म्हणजे नांगराच्या ओळी, झाली आणि ट्रॅक्टर आचके देत बंद पडला.

दस्तगीरनं मॅग्नेटो पाहिला, ठिणगी होती. काकूंनी शिक्का तपासला, शाबूत होता. झाकण उघडून पाहिलं, घासलेट होतं. पुन्हा झाकण, फडकं, लाख. ट्रॅक्टर पुन्हा सुरू झाला आणि तेवढाच चालून पुन्हा थांबला. नुसता उभा ठेवला तर काही वेळानं हँडल मारताच सुरू व्हायचा आणि पुन्हा तेच. असं दिवसामागून दिवस चाललं. गावात कुणी म्हणालं करणी आहे. काकूंना बांधावर एक वाळलेलं लिंबू सापडलं, ते त्यांनी पदरात बांधून ठेवलं, पुरावा म्हणून.

एके दुपारी त्या दस्तगीरसमोर जाऊन उभ्या राहिल्या. "माझ्या दिरानं तुला काय कबूल केलंय?"

तो ट्रॅक्टरखाली आडवा होता. बाहेर आला, हातातला पाना पंच्याला पुसला. मला वाटलं, आता हा उठून जाणार आणि परत येणार नाही. त्याचं तोंड अगदी उतरलं होतं. मला त्या वेळी काकूंचा राग आला, तो आजही आठवला तरी येतो.

"चहा पाजला हुता काकू," तो म्हणाला. "आन विचारलं, टॅक्टर हुईल का. म्या हौ म्हनलो."

"मग हुईना का?"

तो टाकीकडे बघत राहिला. लाखेचा लाल थर उन्हात चकाकत होता. मग खाली बघून म्हणाला, "टाकी बदलू या. ही लई जुनी झाली. घरात तेलाचा रिकामा डबा असंल तर द्या. आन त्याला वर भोकं तुमीच पाडा काकू, तेलाच्या डब्याला पाडता तशी. माझ्यावर संशय नको."

अक्षय्यतृतीया जवळ आली होती, म्हणून काकूंनी आपलाच शब्द मोडून डबा आणला आणि खिळ्यानं वर दोन भोकं पाडली. दस्तगीरनं तो डबा ट्रॅक्टरवर तारेनं बांधला, खालून रबरी नळी जोडली. त्या दिवशी ट्रॅक्टर न थांबता संध्याकाळपर्यंत चालला. काकूंचं निम्मं रान झालं.

हे अण्णांना कळायला किती वेळ लागणार? दुसऱ्या दिवशी ते पंचांना घेऊनच आले. डब्याकडे बोट दाखवून म्हणाले, "ह्यो दादाचा टॅक्टर न्हाय. दादाच्या टॅक्टरला डबा नव्हता." पंचांनी एकमेकांकडे पाहिलं आणि ठरवलं, की अक्षय्यतृतीयेला सगळ्यांसमोर मूळ टाकी बसवून अण्णांचं रान नांगरायचं. नांगरलं तर ट्रॅक्टर काकूंचा. नाही तर अट ठरल्याप्रमाणे.

मधल्या दिवसांत दस्तगीर टाकी नीट धुऊन, नळी साफ करून बसवून गेला. जाताना तो मला म्हणाला, "डब्यावरच चालू दिलं असतं तर बरं झालं असतं."

अक्षय्यतृतीयेला अण्णांच्या बांधावर निम्मं गाव जमलं. काकूंनी घासलेट भरलं, झाकण लावलं, फडकं बांधलं, लाख ओतली, ठसा उमटवला. मी चार तासं काढली. पाचव्या तासाला ट्रॅक्टरनं आचका दिला आणि रानाच्या मधोमध तो थांबला.

अण्णांनी नुसता फेटा सारखा केला. मी खाली उतरलो. काकूंचं रान, त्यांचं स्वतःचं म्हणून जे काही होतं ते सगळं, त्या थांबलेल्या चाकाखाली होतं, आणि मला काहीच करता येत नव्हतं. दस्तगीर पंचांच्या मागे हात बांधून उभा होता. काकूंनी त्याच्याकडे पाहिलं. त्यानं मान खाली घातली.

काकू ढेकळांतून चालत ट्रॅक्टरपाशी आल्या. नेहमीप्रमाणे त्यांनी शिक्का तपासला. ठशावर बोट ठेवलं आणि ते बोट तिथंच राहिलं. मग पुटपुटल्यासारख्या म्हणाल्या, "डब्याला दोन भोकं पाडली म्या." माझ्याकडे वळून विचारलं, "दोन का पाडत्यात?"

"एकातनं तेल येतं, दुसऱ्यातनं वारा जातो," मी म्हणालो. "न्हाय तर धार तुटती."

"ह्या झाकनाला भोक हाय का?"

मी सांगितलं, की काकांच्या वेळी झाकणाच्या मधोमध एक बारीक भोक होतं, सुईएवढं. मला ते तेव्हाच, बोलता बोलता आठवलं.

काकूंनी कमरेचा विळा काढला आणि सगळ्या गावासमोर स्वतःचा शिक्का फोडला. फडकं कापलं. झाकणातून फुस्स आवाज आला, तो मी अगदी स्पष्ट ऐकला. विळ्याच्या टोकानं त्यांनी भोकातली लाख खरवडली आणि म्हणाल्या, "मार हँडल."

उन्हं कलायच्या आत अण्णांचं सगळं रान नांगरून झालं. पंचांपैकी एकानं विचारलं, वहिनी, काय झालं होतं? काकूंनी काही झाकलं नाही. "म्या त्याचं नाक दाबलं व्हतं," त्या म्हणाल्या. जसा होता तसा ठेवायचा म्हणून त्या तीन महिने भांडल्या, आणि त्या ट्रॅक्टरमध्ये बाहेरून घातलेली एकच वस्तू निघाली, ती त्यांची स्वतःची लाख. अण्णांनी हे बोलून दाखवलं असतं तर मला नवल वाटलं नसतं, पण ते गप्प घरी गेले.

टाकीला त्यानंतर शिक्का लागला नाही. काकूंच्या मनातला संशय मात्र गेला नाही, तो दुसरीकडे जाऊन बसला. "त्या मिस्त्रीला ठावं व्हतं," त्या मला म्हणायला लागल्या. "शिक्का काढा म्हनला असता तर म्या त्याला घासलेटचोर म्हनले असते. म्हून टाकी बदला म्हनला. भोकं बी माझ्याच हातनं पाडून घेतली. लई चालू मानूस." तो ट्रॅक्टर बघायला आला की त्या हमखास विचारायच्या, "खरं सांग, तुला ठावं व्हतं का न्हाय?" तो म्हणायचा, "मला काय ठावं काकू." आणि त्या डोळे बारीक करून त्याच्याकडे पाहायच्या. एखादा आपल्याशी चांगुलपणानं वागला असेल, ही शंका त्यांना जन्मात पहिल्यांदाच आली होती आणि ती त्यांना स्वस्थ बसू देत नव्हती.

पुढे अठ्ठेचाळीस साल आलं. आधी हत्यारबंद टोळ्या फिरत होत्या, तेव्हा आम्ही दारं लावून बसलो. मग फौज आली, मोगलाई संपली आणि दारं लावून बसायची पाळी दुसऱ्यांची, दस्तगीरसारख्यांची, आली. कोण कुणाचं नाव सांगेल याचा नेम नव्हता. सगळा मुलूखच काकूंसारखा झाला होता, फक्त मोजून घेणारं कुणी नव्हतं. दस्तगीर मिस्त्री बायकापोरं घेऊन बहिणीकडे गुलबर्ग्याकडं निघून गेल्याचं आम्हाला कळलं.

काकूंनी मला गाडी जुंपायला लावली. गाडीत शेगडी, पळी आणि लाख घेतली. तेरला दस्तगीरच्या कारखान्यापुढे, म्हणजे त्याच्या घराला लागून असलेल्या पत्र्याच्या खोलीपुढे, दहाबारा जण उभे होते. एकाचा हात कुलपावर होता.

"कुलपाला कोन शिवलं?" काकूंनी गाडीतूनच विचारलं. "आतलं सगळं म्या मोजलंय. आता पुन्यांदा मोजावं लागंल."

त्यांनी आत कधी पाऊलही टाकलं नव्हतं. तो माणूस बाजूला झाला. काकू उतरल्या, शेगडी पेटवून घेतली आणि लाख वितळेपर्यंत तिथं जमलेल्या एकेकाच्या तोंडाकडे पाहत बसल्या. ज्याला ओळखत होत्या त्याला नावानं हाक मारून विचारत होत्या, तू रं इथं कसा? मग त्यांनी कुलपावर फडकं बांधलं, लाख ओतली, काकांची अंगठी दाबली. "आज कोन कुठं उभं व्हतं ते माझ्या ध्यानात हाय," एवढं बोलून त्या गाडीत बसल्या.

त्यानंतर दर बाजाराला त्या तेरला जायच्या आणि शिक्का पाहून यायच्या. मी पाहून येतो म्हणालो तर म्हणाल्या, "तू बघशील, पर कसा बघशील ते मला ठावं न्हाय." शिक्का कुणी फोडला नाही. काकूंना लोक घाबरत होते की त्यांच्यापुढे लोकांना लाज वाटत होती, मला सांगता येणार नाही.

थंडी सरता सरता दस्तगीर परत आला. आणखी वाळला होता, दाढी पार पांढरी झाली होती. निरोप मिळताच काकू गेल्या. मीही होतो. त्यानं स्वतः शिक्का फोडला नव्हता, दारात बसून वाट पाहत होता. काकूंनी विळ्यानं लाख फोडली, त्यानं कुलूप काढलं. आत सगळं जिथल्या तिथं होतं, धूळ तेवढी साचली होती.

"मोजून घे," काकू म्हणाल्या.

"मोजायचं काय काकू. तुमचा शिक्का हाय."

"माझा हाय म्हूनच मोज. माघारी बोललेलं मला चालत न्हाय."

तो गुडघ्यावर बसला आणि पाने एकेक करून जमिनीवर मांडायला लागला. त्याचे डोळे भरले होते, ते त्यानं पुसले नाहीत. माझेही भरले होते. काकू उंबऱ्यावर बसल्या आणि त्याच्या हातांकडे बघत राहिल्या. थोड्या वेळानं त्यांनी विचारलं, "आता तरी सांग मिस्त्री. टाकीचं तुला ठावं व्हतं का न्हाय?"

दस्तगीर मान खाली घालून मोजत राहिला, आणि मोजताना चुकला.

काकूंनी त्याला पुन्हा पहिल्यापासून मोजायला लावलं.